एमआरआयच्या काचेमागे

‘हाउस’ या अमेरिकन डॉक्टरी मालिकेत एमआरआयच्या मशीनने नेमकं काय निदान केलं, हे आठवायचं म्हटलं तर डोकं खाजवावं लागतं. पण त्या खोलीत कोण कोणाशी काय बोललं, ते धडाधड आठवतं. पेशंट आत नळीत, उताणा, हलायची बंदी. काचेच्या अलीकडे दोन डॉक्टर, समोर स्क्रीन. दोन वाक्यं मेंदूवरच्या पांढऱ्या ठिपक्याबद्दल होतात आणि मग गाडी घसरते. मालिकेचा नायक, अवघड रोगांची निदानं करणारा खडूस डॉक्टर हाउस, त्याने कोणाला काय टोमणा मारला, कोण नोकरी सोडायच्या विचारात आहे, कोणाचं कोणाबरोबर जुळलंय आणि ते लपवायचा किती केविलवाणा प्रयत्न चाललाय.

खऱ्या हॉस्पिटलात ही खोली टेक्निशियनची असते. स्कॅनला साधारण अर्धा ते एक तास लागतो. मशीन इतकं ठोकाठोकी करतं की पेशंटच्या कानात बोळे घालतात नाहीतर हेडफोन लावतात, आणि घाबरलाच तर दाबायला हातात रबरी फुगा देतात. रिपोर्ट लिहिणारा रेडिऑलॉजिस्ट वेगळाच. पेशंटचा मुख्य डॉक्टर तेवढा वेळ काचेमागे बसून राहिला तर बाकीच्या वॉर्डाचं काय होईल, ते सांगायला नको. मालिकेत मात्र हाउसच्या हाताखालचे न्यूरॉलॉजिस्ट फोरमन, इम्युनॉलॉजिस्ट कॅमरून आणि आयसीयूवाला चेस हे तिघे स्वतः बटणं दाबतात, स्वतः रक्ताच्या चाचण्या लावतात, पाठीत सुई घालतात आणि वर पेशंटच्या घरात चोरून शिरून सिंकखालची बुरशी खरवडून आणतात. नर्सेस दिसतात त्या कॉरिडॉरमधून फाइल घेऊन जाण्यापुरत्या. खरे डॉक्टर हे बघून हसतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पण लेखकाच्या खुर्चीत बसून बघा. त्याला दोन पात्रं एकटी हवी असतात, हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. समोरासमोर बसवून ‘मला तुझ्याबद्दल काय वाटतं’ असं बोलायला लावलं की संवाद लगेच कागदी होतो. तेच दोघं परक्या माणसाच्या स्वयंपाकघरात टॉर्च घेऊन उंदराच्या लेंड्या शोधत असले, तर एकजण कपाट उघडता उघडता सहज काहीतरी विचारतो आणि दुसरा फडताळात डोकं खुपसून उत्तर टाळतो. टाळलेलं उत्तर प्रेक्षकाला बरोबर ऐकू येतं. घरफोडीचे हे प्रसंग विषारी पदार्थ शोधण्यासाठी असतात असं ज्याला वाटतं, त्याने मालिका अर्धीच पाहिली.

न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन-प्लेन्सबरो हे काल्पनिक हॉस्पिटल २००४ ते २०१२ अशी आठ वर्षं पडद्यावर होतं. १७७ एपिसोड. साचा ठरलेला: सुरुवातीला ज्याला काहीतरी होणार असं वाटतं त्याला काहीच होत नाही, शेजारचा कोसळतो, व्हाइटबोर्डवर लक्षणं, दोन-तीन चुकीची निदानं, त्यातल्या एखाद्या उपचाराने पेशंट आणखी बिघडतो, आणि शेवटाकडे हाउस भलत्याच विषयावर कोणाशी तरी बोलत असताना मध्येच गप्प होतो, नजर लांब जाते, समोरच्याला अर्ध्या वाक्यात सोडून तो निघतो. हा समोरचा बहुतेक वेळा विल्सन असतो.

विल्सन म्हणजे हाउसचा एकुलता एक मित्र, त्याच हॉस्पिटलातला कॅन्सरतज्ज्ञ. त्याची ऑफिसची खोली हाउसच्या खोलीला लागून, दोघांच्या बाल्कनीमध्ये कमरेएवढी भिंत. पाय अधू असलेला हाउस काठी टेकत ती भिंत ओलांडतो, दाराने जायचे कष्ट घेत नाही. निमित्त ‘कन्सल्ट’चं. कन्सल्ट म्हणजे एका विभागाच्या डॉक्टरने दुसऱ्याचं मत मागणं; त्याला रीतसर नोंद असते, कारण असतं. हाउसकडे कारण असतंच असं नाही. ज्या पेशंटला कॅन्सर असण्याची सुतराम शक्यता नाही, त्याच्यासाठीही तो कॅन्सरवाल्याचा सल्ला घ्यायला जातो. ‘जरा बस, एकटं वाटतंय’ हे या माणसाच्या भाषेत असंच म्हटलं जातं.

कॅन्टीनमधली गंमतही तीच. हाउस विल्सनच्या ताटातलं उचलून खातो. वर्षानुवर्षं, न विचारता. विल्सन वैतागतो, ताट मात्र सरकवून घेत नाही. शेरलॉक होम्सवरून हाउस बेतला, घराचा नंबरही २२१-बी ठेवला, वॉटसनचा विल्सन झाला, हे सगळं चाहत्यांना पाठ असतं. पण वॉटसनच्या ताटात हात घालणारा होम्स ही या मालिकेची स्वतःची कमाई आहे.

दुसऱ्या सीझनमध्ये विल्सनचं तिसरं लग्न मोडतं आणि तो हाउसच्या सोफ्यावर झोपायला येतो. सकाळी पॅनकेक करतो. तिकडे भाड्याच्या घरासाठी कोणाचा तरी निरोप आन्सरिंग मशीनवर येतो, हाउस तो ऐकतो आणि पुसून टाकतो. एक बटण. तोंडाने तो विल्सनला जा म्हणूनच सतावत असतो, थोड्याच दिवसांत दोघांच्या खोड्या इतक्या विकोपाला जातात की विल्सन त्याची काठी करवतीने अर्धवट कापून ठेवतो आणि हाउस दाणकन आपटतो. सहाव्या सीझनमध्ये भूमिका उलटतात. घर विल्सनचं, राहायला हाउस. आता इथे तुझ्या आवडीची एक तरी वस्तू आण, असं हाउस त्याला सुनावतो. विल्सन बरेच आढेवेढे घेऊन शेवटी एक ऑर्गन आणतो. वाजवणार कोण? हाउस. स्वतःसाठी काही घे म्हटल्यावर दुसऱ्यासाठी घेणारा माणूस लेखकांनी एवढ्या एका खरेदीत पूर्ण उभा केलाय.

सगळ्यात जास्त जोखमीची वस्तू मात्र कागदाची आहे: विल्सनचं प्रिस्क्रिप्शन पॅड.

हाउसच्या उजव्या मांडीत रक्ताची गुठळी होऊन स्नायू मेला. पाय कापायला तो तयार नव्हता. तो बेशुद्ध ठेवलेला असताना त्याच्या वतीने सही करायचा अधिकार मैत्रीण स्टेसीकडे होता, आणि तिने मधला मार्ग निवडला, मेलेला स्नायू काढायचा. पाय वाचला, दुखणं कायमचं राहिलं. त्या दुखण्यावर व्हायकोडिन. म्हणजे हायड्रोकोडोन हे अफूच्या कुळातलं वेदनाशामक अधिक पॅरासिटामॉल. पहिल्याने सवय लागते, दुसऱ्याचा डोस वाढला की यकृत बसतं. अमेरिकेत असलं औषध लिहून द्यायला डॉक्टरची डीईए या अमली पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे नोंदणी लागते. मालिका चालू होती त्या काळात हे संयुक्त औषध नियंत्रित औषधांच्या तिसऱ्या अनुसूचीत होतं, एकाच चिठ्ठीवर सहा महिन्यांत पाच वेळा पुन्हा घेता यायचं. २०१४ च्या ऑक्टोबरात ते जास्त कडक अशा दुसऱ्या अनुसूचीत गेलं आणि ही सोय बंद झाली. मालिका तोवर संपली होती, नाहीतर विल्सनचा मनगटाचा व्यायाम बराच वाढला असता.

तर स्वतःसाठी चिठ्ठ्या लिहिणं शोभत नाही, म्हणून मित्र लिहितो. इथे मैत्री आणि उपचार यांच्यातली रेघ पुसली जाते. विल्सन लिहितो तेव्हा तो मित्राचं दुखणं कमी करतो की व्यसनाला रसद पुरवतो, याचं उत्तर त्यालाही देता येत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये ट्रिटर नावाचा पोलीस अधिकारी हाउसच्या मागे लागतो तेव्हा कळतं की काही चिठ्ठ्यांवरच्या सह्या विल्सनच्या नाहीतच, हाउसने त्याचं पॅड चोरून केल्यात. विल्सन काय म्हणतो? सह्या माझ्याच. मग त्याचं बँकखातं गोठवतात, औषधं लिहायचा अधिकार काढून घेतात, कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन द्यायला त्याला दुसऱ्या डॉक्टरांच्या पाया पडायची वेळ येते. हाउस तरीही बधत नाही. शेवटी विल्सन ट्रिटरशी सौदा करतो. काही चाहते त्याला आजही दगाबाज म्हणतात. आमचं मत उलटं आहे: इतके आठवडे गप्प बसला हाच त्याचा खरा गुन्हा.

चौथ्या सीझनचे लेखकांच्या संपामुळे सोळाच भाग झाले, पण त्याचा शेवट सगळ्या मालिकेत अव्वल आहे. बारमध्ये झिंगलेला हाउस घरी न्यायला विल्सनला फोन करतो. विल्सन कामावर, म्हणून त्याची मैत्रीण अँबर येते. हाउस तिला टाळून बसमध्ये चढतो, काठी बारमध्येच विसरतो. ती काठी द्यायला अँबर बसमध्ये चढते. अपघात होतो. फ्लूसाठी तिने अमँटाडिन घेतलेलं असतं; एरवी हे औषध मूत्रपिंडं बाहेर टाकतात, पण अपघातात त्यांना इजा झालेली, आणि औषध शरीरात असं चिकटून बसलेलं की डायलिसिसनेही निघत नाही. कोणाचीच चूक म्हणता येत नाही. एक फोन, एक काठी, एक सर्दीची गोळी. विल्सन हाउसला दोष देत नाही, नुसती नोकरी सोडून जातो, आणि दोष देण्यापेक्षा ते किती वाईट, हे पुढच्या सीझनच्या पहिल्या चार भागांत दिसतं.

चेस आणि कॅमरून यांच्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. त्यांच्यातली एकच गोष्ट खऱ्या अर्थाने छान लिहिली आहे: ती ‘नको’ म्हणते तेव्हा चेस दर मंगळवारी येऊन, तू मला आवडतेस, एवढं सांगून कामाला लागतो. मागे लागणं नाही, रुसणं नाही, औषधाच्या वेळापत्रकासारखी आठवण. लग्न झालं आणि मंगळवार संपले. पुढे चेसने एका हुकूमशहाच्या चाचणीसाठी दुसऱ्याच पेशंटचं रक्त वापरून त्याला चुकीच्या उपचाराने मरू दिलं आणि कॅमरून निघून गेली. निर्णय पटतो, पण ते दोघं एकमेकांना कधी नीट दिसलेच नव्हते असं वाटत राहतं.

कडीचं, म्हणजे हॉस्पिटलच्या डीनचं, हाउसच्या वरिष्ठ बाईंचं, प्रकरण वेगळं. चाहत्यांनी हाउस आणि कडी या जोडीला ‘हडी’ असं नाव दिलंय. मराठी कानाला ते हाडवैद्याच्या पाटीवरचं वाटतं, आणि फारसं चुकीचंही नाही, जोडलेलं हाड तिथेच पुन्हा मोडलं. या दोघांचं नातं ‘नाही’ या शब्दावर उभं होतं. पहिल्याच भागात हाउस वर्षानुवर्षं क्लिनिकची ड्यूटी चुकवतोय म्हणून कडी त्याचे अधिकार गोठवते, एमआरआयसुद्धा करू देत नाही. मग तडजोड होते, क्लिनिकचे तास दे आणि मशीन घे. सहा सीझन हाच खेळ. तो अचाट मागतो, ती अडवते, तो पळवाट काढतो, ती ओरडते आणि बोर्डासमोर त्याचीच बाजू घेते. तिचा नकार हा त्याच्यासाठी ब्रेक होता, आणि भांडणातला तो ताण हेच त्यांचं लाड करणं होतं.

सातव्या सीझनमध्ये ती दोघं जोडी म्हणून एकत्र आली आणि लेखकांनी तो ब्रेकच काढून ठेवला. आता तिने ‘नाही’ म्हटलं की ते डीन म्हणून की प्रेयसी म्हणून, हे कोणालाच ठरवता येईना. काही भागांत तो प्रश्न हाताळलाही, पण लवकरच दोघं घरात बसून नात्याबद्दल बोलू लागली. काच गेली, कामाची फट गेली, उरला संवाद. कडीच्या मूत्रपिंडात गाठ दिसते तेव्हा तो बाजूला राहतो आणि शेवटी येतो तो व्हायकोडिनची गोळी पोटात टाकून. हे तिच्या लक्षात येतं आणि ती संबंध तोडते. हे तोडणं चोख लिहिलंय. त्यानंतर सीझनअखेरीस त्याने तिच्या जेवणाच्या खोलीत गाडी घुसवणं मात्र अक्षम्य आहे, पात्रासाठीही आणि लेखकांसाठीही. काठी, ताट, पॅड अशा मुठीत मावणाऱ्या वस्तूंनी नाती सांगणाऱ्या मालिकेला अचानक अख्खी मोटार लागली. कडीचं काम करणारी लिसा एडलस्टाइन त्या सीझननंतर मालिकेत राहिली नाही, आणि आठव्या सीझनच्या शेवटी हाउसच्या अंत्यविधीला स्टेसी येते, कॅमरून येते, कडी येत नाही.

तो अंत्यविधी खोटा असतो. विल्सनला छातीतल्या थायमस ग्रंथीचा कॅन्सर, हातात पाच महिने. हाउसला त्याच वेळात तुरुंगात परत जावं लागणार असतं. म्हणून तो जळत्या इमारतीतून निसटतो, दातांच्या नोंदी बदलतो आणि मेलेला ठरतो. डॉक्टरकी, नाव, व्हाइटबोर्ड, सगळं पाच महिन्यांसाठी टाकून. विल्सन भाषणाला उभा राहतो, चार बरे शब्द बोलतो, मग त्याचा संयम सुटतो आणि तो मेलेल्याला यथेच्छ झोडपू लागतो. तेवढ्यात त्याच्याच कोटाच्या खिशात एक फोन वाजतो, जो त्याचा नाहीच.

आणि फोरमन, जो आता कडीच्या खुर्चीवर बसतो, त्याचं एक टेबल डगमगत असतं. हॉस्पिटलच्या प्रमुखाकडे टेबल दुरुस्त करायला माणसं कमी नसतात, पण ते डगमगतच राहतं. एके दिवशी ते हलायचं थांबतं. फोरमन वाकून बघतो. पायाखाली घडी म्हणून सरकवलेलं असतं हाउसचं आयडी कार्ड.