बाराच्या बारा!

नोव्हेंबर २०२३, अमेरिकन कॉलेज फुटबॉल. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बर गावात अजून गाड्यांचे हॉर्न वाजतायत. मिशिगन ३०, ओहायो स्टेट २४! सलग तिसऱ्या वर्षी हरवलं त्यांना, आणि साखळीतले बाराच्या बारा सामने खिशात.

घसा पार बसलाय. पण सांगायचंय ते तिसऱ्या क्वार्टरचं. चेंडू घेऊन पळणाऱ्या ब्लेक कोरमसाठी वाट मोकळी करणाऱ्या फळीतला आपला कॅप्टन झॅक झिंटर, जर्सी ६५, पाय मोडून पडला. लाखाच्या वर माणसं आणि सगळी चिडीचूप. संघ त्याच्याभोवती गोळा झाला. त्याला गाडीवरून नेताना स्टेडियमभर त्याच्या नावाचा गजर सुरू झाला. आणि पुढच्याच प्लेला, म्हणजे पुढच्याच चालीत, कोरम २२ यार्ड सुसाट पळाला, चेंडू थेट शेवटच्या रेषेपार, टचडाउन! लगेच त्यानं बोटांनी सहा आणि पाच दाखवले, झॅकचा ६५! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गेल्या मोसमात ऐन मोक्याला याच कोरमचा गुडघा दुखावला होता, त्यामुळे ते सहा-पाच जास्तच भिडले.

मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ बंदीमुळे मैदानात नव्हते. त्यांच्या जागी शेरॉन मूर. पेन स्टेटविरुद्ध शेवटचे सलग ३२ प्ले पास न फेकता नुसते चेंडू घेऊन पळून खेळायची छाती याच माणसाची! गेल्या आठवड्यात मेरिलँडला हरवून मिशिगनचा १००० वा विजय झाला, कॉलेज फुटबॉलमध्ये हा आकडा गाठणारा पहिला संघ.

आज २५ सेकंद उरले असताना आपल्या रॉड मूर या खेळाडूनं ओहायो स्टेटचा पास हवेतच पकडला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता शनिवारी इंडियानापोलिसला आयोवाशी बिग टेनची, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या साखळीची, फायनल. झॅक नसणार. पोरांनो, त्याच्यासाठी खेळा!