सातवी रिंग

"आता ती मजा राहिली नाही. आवाजच बदललाय."

टोकियोच्या ऑफिसात डबा खाताना जपानी मैत्रिणीने इअरफोनचा एक कान माझ्याकडे दिला होता. जपानी पॉप गायक उतादा हिकारूंचं 'ऑटोमॅटिक', १९९८ चं. गाणं संपल्यावर ती उतादांच्या आताच्या गाण्यांबद्दल हे म्हणाली, आणि घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

या गाण्याची सुरुवात फोनच्या सातव्या रिंगने होते. 'सातव्यांदा' म्हणजे जपानीत 'नानाकाइमे'. पण गाताना पहिला 'ना' सुटा पडतो, क्षणभर थांबा, मग 'नाकाइमे'. शब्द भलत्याच जागी तोडलाय आणि सगळी लय त्या तुटण्यातच आहे. उतादांचं वय तेव्हा फक्त १५! मी आज हा तुकडा दहा वेळा तरी ऐकला असेल.

मग रात्री उतादांचाच २०१६ चा 'फाँतोम' लावला. २०१० नंतर गाण्यापासून लांब सुट्टी, २०१३ मध्ये उतादांच्या आई, एन्का (भावुक जपानी गाण्यांचा एक जुना प्रकार) गायिका फुजी केइको, गेल्या. त्यानंतरचा हा अल्बम. त्यातलं भर उन्हाळ्यातल्या सरीचं गाणं पियानोवर सुरू होतं. इथे शब्द अख्खे येतात, जपून ठेवल्यासारखे. माझा तर घसाच दाटून आला.

आवाज बदललाय, खरंच. पण एवढं सगळं झाल्यावर तो तसाच राहायला हवा होता का? की आपणच गायकांकडे आपलं कॉलेजचं वय परत मागत असतो?

उद्या डब्याच्या वेळी इअरफोनचा एक कान मी तिला देणार आहे.