वंशावळीतील विवाह-नोंदी पूर्ण करताना : माझा अनुभव

वंशावळीचा डेटाबेस वाढत जातो तसे जन्म आणि मृत्यू यांचे रकाने भरत जातात, विवाह मात्र मागे राहतात. जन्मतारीख व्यक्तीच्या पानावर समोरच दिसते, त्यामुळे ती रिकामी असली की डोळ्यांना खुपते. विवाह दोन व्यक्तींच्या मध्ये असतो आणि तो पाहण्यासाठी वेगळे पान उघडावे लागते. आमच्या घराण्याच्या वंशावळीतही हेच झाले होते. तिच्यात अनेक वर्षे अनेक नातेवाइकांनी भर घातली होती. जोडपी जुळलेली होती, मुले त्यांच्याखाली लागलेली होती. पण विवाहाची माहिती कुठे पतीच्या टिपणात, कुठे पत्नीच्या, तर कुठे स्कॅन केलेल्या कागदाला दिलेल्या नावात विखुरलेली होती. ती एका जागी आणून प्रत्येक जोडप्याची विवाह-नोंद पूर्ण करण्याचे काम मी हाती घेतले.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागली, ती म्हणजे नोंद 'पूर्ण' कधी म्हणायची. तारीख, स्थळ आणि पुरावा हे तीनही रकाने भरले की नोंद पूर्ण, अशी व्याख्या केली असती तर जुन्या पिढ्यांतील बहुतेक नोंदी कधीच पूर्ण झाल्या नसत्या, आणि रकाने भरण्याच्या ओढीने अंदाज तारखांच्या वेशात डेटाबेसमध्ये शिरले असते. याचे उत्तर मला जेडकॉमच्या नियमावलीत सापडले. वंशावळीची बहुतेक सॉफ्टवेअर ज्या स्वरूपात एकमेकांना माहिती देतात ते हे स्वरूप. त्याची ५.५.१ ही आवृत्ती १९९९ साली मसुदा म्हणून आली, २०१९ साली अधिकृत ठरली आणि आजही सर्वाधिक वापरात आहे, ७.० ही आवृत्ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. या स्वरूपात विवाह ही घटना पतीच्या किंवा पत्नीच्या नावावर न जाता दोघांच्या कुटुंब-नोंदीत जाते. त्याहून महत्त्वाचे असे की तिच्या तीन वेगवेगळ्या अवस्था सांगता येतात. विवाह झाला हे निश्चित आहे पण कधी आणि कुठे ते माहीत नाही, असे असेल तर विवाहाच्या ओळीपुढे 'वाय' हे एकच अक्षर लिहून होकार नोंदवता येतो. ही ओळच नसेल तर विवाह झाला किंवा झाला नाही, यांपैकी कोणताही अर्थ निघत नाही. आणि ७.० मध्ये 'विवाह झाला नाही' असे विधान करण्यासाठी स्वतंत्र नकाराची खूण आहे. 'झाला, तपशील अज्ञात', 'झाला नाही' आणि 'माहीत नाही' हा फरक नोंदवता येतो हे कळल्यावर माझी व्याख्या बदलली. प्रत्येक जोडप्याची नोंद या तिन्हींपैकी कोणत्या अवस्थेत आहे आणि ते आपण कशाच्या आधारे म्हणतो, हे वाचणाऱ्याला कळले की ती नोंद माझ्या दृष्टीने पूर्ण.

आम्ही ग्रॅम्प्स हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. काम सुरू करण्याआधी संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो वेगळ्या डिस्कवर ठेवला. ग्रॅम्प्समधून माहिती स्प्रेडशीटसाठी सीएसव्ही स्वरूपात बाहेर काढता येते, आणि तिच्यात व्यक्तींचा, विवाहांचा आणि अपत्यांचा असे वेगवेगळे तक्ते मिळतात. विवाहांच्या तक्त्यात पती, पत्नी, तारीख, स्थळ आणि संदर्भ हे स्तंभ असतात. तो तक्ता स्प्रेडशीटमध्ये उघडून तारखेप्रमाणे लावला तेव्हा कामाचा आवाका प्रथमच नजरेत आला. कोणत्या जोडप्यांना तारीख आहे पण पुरावा नाही, कोणाला पुरावा जोडला आहे पण स्थळ नाही, कोणाला काहीच नाही, हे एका दृष्टिक्षेपात दिसले. या तक्त्यात मी एक 'पुढे काय पाहायचे' असा स्तंभ माझ्यापुरता वाढवला आणि सगळे काम त्याच्या आधाराने चालले. दुरुस्त्या मात्र मूळ डेटाबेसमध्येच, एकेक कुटुंब उघडून केल्या, कारण त्या निमित्ताने प्रत्येक जोडप्याचे सगळे कागद पुन्हा वाचले गेले.

तारखांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. विवाहाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर अनेकदा दोन तारखा असतात, एक विवाह झाल्याची आणि दुसरी तो नोंदवल्याची. आमच्या एका काकांच्या बाबतीत या दोन तारखांमध्ये बऱ्याच वर्षांचे अंतर होते, कारण नोंदणी पुढे कागदपत्रांची गरज पडली तेव्हा झाली. डेटाबेसमध्ये नोंदणीची तारीख विवाहाची म्हणून बसली होती आणि त्यामुळे त्यांची दोन मुले विवाहापूर्वी जन्मलेली दिसत होती. विवाहाची घटना खऱ्या तारखेला नेली, नोंदणीची वेगळी घटना केली आणि दोन्हींना एकच प्रमाणपत्र संदर्भ म्हणून जोडले.

निमंत्रणपत्रिकांचा विचार निराळा करावा लागतो. पत्रिका विवाहापूर्वी छापली जाते, त्यामुळे विवाह ठरला होता आणि अमुक दिवशी व्हायचा होता, एवढेच ती सिद्ध करते. तो त्याच दिवशी झाला की पुढे ढकलला गेला, हे तिच्यावरून कळत नाही. विवाहपूर्व जाहीर सूचना, परवाना आणि करार या कागदांचेही असेच आहे, आणि म्हणूनच जेडकॉममध्ये त्यांना विवाहापासून अलग अशा स्वतंत्र घटनांची जागा दिलेली आहे. पत्रिकेवरून घेतलेली तारीख मी ठेवली, पण तिच्या पुराव्याची खात्री 'कमी' या श्रेणीत टाकली आणि त्याच तारखेचे पत्र, छायाचित्र किंवा प्रमाणपत्र हाती आले तरच ती वर नेली.

जिथे कोणताच थेट कागद नव्हता, तिथे दोन कागदांच्या मधली फट उपयोगी पडली. आजोबांच्या थोरल्या बहिणीचे नाव एका जुन्या खरेदीखतात वडिलांच्या आडनावाने येते आणि काही वर्षांनंतरच्या एका अर्जात पतीच्या आडनावाने येते. त्या दोन तारखांच्या दरम्यान तिचा विवाह झाला असावा, एवढे या दोन कागदांवरून म्हणता येते. ग्रॅम्प्समध्ये तारखेला 'पूर्वी', 'नंतर', 'सुमारे' आणि 'दरम्यान' असे प्रकार देता येतात, शिवाय ती 'अंदाजित' किंवा 'गणिताने काढलेली' आहे अशी खूणही करता येते. मी 'दरम्यान' हा प्रकार निवडला, तारीख अंदाजित असल्याची खूण केली, दोन्ही कागद जोडले आणि तर्क दोन वाक्यांत टिपणात लिहिला. पहिल्या अपत्याच्या जन्मवर्षातून एक वर्ष वजा करून विवाहाचे वर्ष लिहिण्याची पद्धत बऱ्याच वंशावळींत दिसते. ती मला पूर्णपणे अयोग्य वाटते. पहिले म्हणून आपल्याला माहीत असलेले अपत्य खरोखर पहिले होते की आधीचे एखादे अल्पायुषी ठरले, हे सहसा कोणालाच ठाऊक नसते, आणि अशा रीतीने आलेले वर्ष पुढच्या नकलांमध्ये पुराव्यानिशी असल्यासारखे मिरवू लागते.

या कामातले सर्वांत नाजूक प्रकरण पणजोबांचे होते. त्यांचे दोन विवाह झाले होते हे घरात सर्वांना माहीत होते, तरी डेटाबेसमध्ये सर्व अपत्ये दुसऱ्या पत्नीच्या नावाखाली होती आणि पहिल्या पत्नीचे केवळ नाव पणजोबांच्या टिपणात उरले होते. प्रथम तिची स्वतंत्र व्यक्ती-नोंद केली, मग दोघांची कुटुंब-नोंद केली आणि तिच्यात विवाहाची घटना तारखेविना ठेवली. त्यानंतर अपत्यांची जन्मवर्षे क्रमाने मांडली. तिसऱ्या आणि चौथ्या अपत्यामध्ये मोठे अंतर होते, पण केवळ अंतरावरून आई बदलली असे ठरवणे बरोबर नव्हते. थोरल्या दोघांच्या कागदांत आईचे नाव स्पष्ट मिळाले आणि ते पहिल्या पत्नीचे होते. धाकट्या तिघांची आई दुसरी पत्नी, हेही कागदांवरून ठरले. तिसऱ्या अपत्याच्या, म्हणजे लहानपणीच गेलेल्या एका मुलीच्या बाबतीत आईचे नाव सांगणारा कागदच नव्हता. तिला मी पणजोबांच्या तिसऱ्या एका कुटुंब-नोंदीत ठेवले, जिच्यात आईची जागा रिकामी आहे आणि नात्याचा प्रकार 'अज्ञात' आहे, आणि असे का केले ते टिपणात लिहिले. घरातील काहींना हे खटकले. तिला कुठल्याही एका आईच्या पदरात टाकावे असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची माया मला समजते, पण ज्या आईने तिला जन्म दिला तिच्यावर आपल्या सोयीने अन्याय होण्याची शक्यता निम्मी होती, आणि तेवढी शक्यता मला फार वाटली.

दोनदा नोंदलेल्या स्त्रिया हा तसाच महत्त्वाचा विषय. एकच व्यक्ती माहेरच्या शाखेत मुलगी म्हणून आणि सासरच्या शाखेत पत्नी म्हणून, दोन वेगळ्या नावांनी बसलेली असते, आणि दोन्ही शाखा वेगवेगळ्या माणसांनी भरल्या असल्या की कोणाच्या लक्षात येत नाही. अशा जोड्या एकत्र करण्याआधी पतीचे नाव, एखादे अपत्य आणि एखादी तारीख यांपैकी किमान दोन गोष्टी दोन्हीकडे जुळतात का, हे मी पाहत असे. एकत्र केल्यावर जन्मनाव मुख्य ठेवले आणि विवाहानंतरचे नाव पर्यायी नाव म्हणून, विवाहाच्या तारखेपासून लागू, असे नोंदवले. या एकाच कामाने अनेक विवाह-नोंदी पूर्ण झाल्या, कारण विवाहाची तारीख माहेरच्या बाजूच्या टिपणांत आधीपासूनच पडून होती.

एका चुलतभावाची पत्नी मूळची इंग्लंडची असल्यामुळे तिचे पूर्वजही आमच्या वंशावळीत आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली आणि तिचे त्रैमासिक निर्देशांक, म्हणजे नावांच्या सूची, पाहायला मिळतात. पण १९१२ पूर्वीच्या विवाह-निर्देशांकांत जोडीदाराचे आडनाव दिलेले नसते. वराचे नाव एका ठिकाणी शोधायचे, वधूचे दुसऱ्या ठिकाणी, आणि जिल्हा, खंड व पृष्ठ क्रमांक जुळतो का ते पाहायचे, असे करावे लागते. तेवढे जुळले तरी एका पृष्ठावर एकाहून अधिक विवाह असू शकतात, म्हणून निर्देशांकावर न थांबता मूळ नोंदीची प्रत मागवणे आवश्यक ठरते. अशी एक प्रत माझ्यासमोर आली. वय या रकान्यात दोघांपुढेही आकड्याऐवजी 'पूर्ण वय' एवढेच लिहिले होते. त्याचा अर्थ एकवीस किंवा त्याहून अधिक, इतकाच होतो. त्यामुळे जन्मवर्षासाठी केवळ 'अमुक वर्षापूर्वी' अशी मर्यादा मिळाली. दोघांच्या वडिलांची नावे आणि व्यवसाय होते, पण मातांचे नाव नव्हते, आणि तेही नियमाला धरूनच होते, कारण तेथील विवाह-नोंदीत मातांच्या नावांना जागा मिळाली ती ४ मे २०२१ पासून. साक्षीदारांच्या सह्यांपैकी एक वधूच्या बहिणीची निघाली. साक्षीदार मी नेहमी विवाहाच्या घटनेला त्यांच्या भूमिकेसह जोडतो. नात्याची साखळी जिथे तुटलेली असते, तिथे पुष्कळदा साक्षीदाराचे नावच वाट दाखवते.

घटस्फोट झालेल्या जोडप्यांचे विवाह डेटाबेसमधून पुसून टाकावेत, अशी मागणी एक-दोघांनी केली. विवाह झाला होता हे सत्य घटस्फोटाने बदलत नाही, म्हणून विवाहाची घटना कायम ठेवून त्याच कुटुंब-नोंदीत घटस्फोटाची घटना पुढे जोडली. मात्र संबंधित व्यक्ती हयात असल्याने त्या नोंदी 'खासगी' म्हणून चिन्हांकित केल्या, आणि नातेवाइकांना पाठवायच्या फाईलमधून हयात व्यक्तींचे तपशील वगळले जातील असे पाहिले. स्थळांचे काम त्या मानाने सरळ होते. एकाच गावाची निरनिराळी लेखने एकत्र केली आणि मूळ कागदावरचे लेखन संदर्भात जसेच्या तसे ठेवले.

शेवटी ग्रॅम्प्समधील पडताळणीचे साधन चालवले. विवाहाच्या वेळी वय फार कमी किंवा फार जास्त, मृत्यूनंतर विवाह, विवाहापूर्वी अपत्य, अशा विसंगती ते दाखवते. त्यातील प्रत्येक सूचना म्हणजे चूक नव्हे. एका जोडप्यातील वयाचे मोठे अंतर कागदाने सिद्ध झालेले होते आणि ते तसेच राहिले. त्या ठिकाणी 'पडताळले' अशी खूण करून कारण लिहिले, म्हणजे पुढच्या वेळी ते पाहणाऱ्याला पुन्हा तीच शोधाशोध करावी लागणार नाही. त्यानंतर सगळा डेटाबेस जेडकॉममध्ये काढून दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि दोन विवाह असलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या जोडीदारांचा क्रम, तारखांपुढचे 'पूर्वी' आणि 'दरम्यान', तसेच जोडलेले संदर्भ टिकले आहेत की नाही, हे एकेक करून पाहिले.

जुन्या पिढ्यांतील काही जोडप्यांच्या पुढे अजूनही तारीख नाही. त्यांच्या विवाहाच्या घटनेत 'झाला, तपशील अज्ञात' एवढेच आहे, आणि खाली टिपणात आतापर्यंत कोणती दप्तरे, कोणत्या वर्षांपर्यंत पाहिली आणि घरातील कोणाला विचारले, ते दिनांकासह लिहिले आहे. गेल्याच आठवड्यात आमच्या एका भाचीने अशीच एक नोंद उघडली, न पाहिलेल्या वर्षांपासून पुढे शोध सुरू केला आणि टिपणाखाली स्वतःच्या दिनांकाने पहिली ओळ लिहिली.