आधी पाय बघा, मग मेन्यू

थीम पार्कच्या ट्रिपमध्ये एक तरी जेवण 'जरा भारी' झालं पाहिजे असं प्लॅनिंगच्या कुठल्यातरी टप्प्यावर कोणीतरी म्हणतंच. आमच्यात ते ताई म्हणाली. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड, तिकिटं काढून झालेली, कुठल्या दिवशी कुठलं पार्क तेही ठरलेलं, मुलांच्या राइड्सच्या याद्या फोनमध्ये तयार, आणि तेव्हा ही म्हणते की हे सगळं त्यांचं झालं, आपल्याला काय? एक संध्याकाळ नीट कपडे घालून, कोणाची घाई नसताना, सावकाश जेवायचं. मागणी रास्त होती, कोणी विरोधही केला नाही. प्रश्न एवढाच होता की कुठे.

तिथे खायच्या जागा शेकड्यांनी आहेत, पण ज्यांना खरंच फाइन डायनिंग म्हणता येईल अशा मोजक्याच. तरी त्या मोजक्यांतून एक निवडताना आम्ही जेवढा खल केला तेवढा विमानाच्या तिकिटांवरही केला नव्हता. ताई डेझर्टचे फोटो बघतेय, दाजी वाइनची यादी वाचतायत आणि मी आपली उजवीकडचे आकडे. असं दोन-तीन रात्री चाललं. माझं मत विचाराल तर अशा ट्रिपला मेन्यू बघून रेस्टॉरंट निवडूच नये, आपले पाय बघून निवडावं.

हसू नका. पार्कातला पूर्ण दिवस म्हणजे पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात, वर रांगेत उभं राहणं वेगळं, आणि फ्लोरिडाचा उन्हाळा असेल तर घामाने शर्ट अंगाला चिकटलेला आणि दुपारी गडगडाट होऊन पाऊस आला तर बूटही ओले. संध्याकाळी सहा वाजता त्या माणसाला काय हवं असतं? टेकायला जागा आणि पटकन येणारं काहीतरी तळलेलं. अशा वेळी समोर मोठ्या पांढऱ्या प्लेटच्या मधोमध एक घास आला आणि तो कुठल्या शेतातून आला हे वेटर प्रेमाने समजावून सांगायला लागला तर त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना आपल्याला त्याचा राग येणार. पदार्थ कितीही उत्तम असो.

त्यात गंमत म्हणजे हे सगळं ठरवायचं असतं साठ दिवस आधी. पूर्वी म्हणे १८० दिवस आधी बुकिंग उघडायचं, २०२० नंतर ते ६० वर आलं, तरी दोन महिन्यांनंतरच्या गुरुवारी आपल्याला कशाची भूक लागेल हे आज पहाटे लॅपटॉपसमोर बसून ठरवायचं हा प्रकार मला अजून पचलेला नाही. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मात्र एक सवलत आहे, चेक-इनच्या साठ दिवस आधी त्यांना पुढच्या दहा दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचं बुकिंग एकदमच करता येतं. म्हणजे जे टेबल मिळायला अवघड आहे ते मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत शोधायचं, कारण त्या तारखा बाकी पब्लिकला अजून उघडलेल्याच नसतात. हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम झालं.

तर ताईचं मन बसलं होतं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट्सवर. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलात १९८८ पासून आहे ते, आणि २०२४ मध्ये त्याला मिशेलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटांच्या जगातला मोठा मान, मिळाला, डिस्ने स्वतः चालवत असलेल्या रेस्टॉरंटला मिळालेला पहिलाच. मुख्य डायनिंग रूम, त्याशिवाय क्वीन व्हिक्टोरिया रूम म्हणून एक छोटी खोली, आणि किचनमध्येच मांडलेलं शेफ्स टेबल. कोर्समागून कोर्स येत राहतात, दोन-तीन तास कुठे गेले कळत नाही म्हणतात. कोविडनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा मुख्य रूमचा मेन्यू माणशी २९५ डॉलर होता, वाइन वेगळी. हा आकडा मी मोठ्याने वाचला, पण ताईवर परिणाम शून्य. परिणाम झाला तो पुढच्या ओळीचा, की दहा वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश नाही.

आमच्यातली दोन मुलं दहाच्या खालची. म्हणजे एका मोठ्या माणसाने खोलीवर त्यांच्यासोबत पिझ्झा खात बसायचं आणि बाकीच्यांनी तिकडे जाऊन खास जेवायचं. नियम मला चुकीचा वाटत नाही, उलट तीनशे डॉलर देणाऱ्याला शेजारच्या टेबलाखाली लपाछपी नको असणार हे समजण्यासारखं आहे. पण एकत्र बसून जेवायचं म्हणून सुरू झालेला विषय कोण मागे राहणार यावर आला की त्या जेवणाची मजा गेली. शिवाय कपडे. शॉर्ट्स, स्लिपर चालत नाहीत, म्हणजे एका रात्रीसाठी अख्ख्या ट्रिपभर बॅगेत फॉर्मल बूट वागवायचे. दाजींनी हे ऐकलं आणि त्यांचा उत्साह जागच्या जागी मावळला. नवरा-बायको दोघंच गेले असतील, लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल, तर मात्र दुसरीकडे बघूच नका असं मी सांगेन.

मग एपकॉट, डिस्ने वर्ल्डमधल्याच पार्कांपैकी एक. तिथे अकरा देशांची पॅव्हेलियन्स आहेत तलावाभोवती, आणि चांगलं खायचं असेल तर पार्कांमध्ये हेच. फ्रान्सच्या पॅव्हेलियनमध्ये वरच्या मजल्यावर मॉन्सिए पॉल, हे फ्रेंच शेफ पॉल बोक्यूज यांच्या नावावरून. खालचं शेफ्स द फ्रान्स त्यांनी गास्तों लेनोत्र आणि रोजे व्हेर्जे या दोन शेफ्सबरोबर १९८२ मध्ये, एपकॉट उघडलं तेव्हाच सुरू केलं होतं. जपानमध्ये ताकुमी-तेई, कॅनडात ल सेलिए, ते तर वाइनच्या तळघरासारखं केलंय, खिडकीच नाही, आणि तिथलं चेडर चीजचं सूप एवढं लोकप्रिय की लोक स्टेकच्या आधी त्याच्याबद्दल बोलतात. वाचून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण इथे एक ग्यानबाची मेख आहे, पार्काच्या आतल्या रेस्टॉरंटला नुसतं बुकिंग असून चालत नाही, पार्काचं तिकीटही लागतं. ते एका दिवसाचं शंभर डॉलरच्या वर. मग एवढं तिकीट काढलंय म्हटल्यावर माणूस थेट जेवायला थोडाच येतो, तो सकाळपासून येतो, सगळे देश पायी फिरतो, मेक्सिकोत काहीतरी खातो, जर्मनीत काहीतरी पितो, आणि जेवायच्या वेळेला ना भूक शिल्लक ना पाय. परत जेवणात घालवलेले दोन तास म्हणजे तिकिटातलेच दोन तास. डोक्यात हा हिशोब एकदा सुरू झाला की घास गोड लागत नाही. निदान मला तरी.

मुलांनी मध्येच सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं आणि स्पेस २२० चं घोडं पुढे दामटलं. दुसऱ्यात लिफ्टमधून आपण पृथ्वीपासून २२० मैल वर गेलो असं दाखवतात आणि खिडकीतून खाली पृथ्वी दिसते. मस्त असेल, पण ती राइडच झाली, जेवण त्याच्यासोबत फुकट. म्हणजे फुकट नाही अर्थात.

उरलं कॅलिफोर्निया ग्रिल. कंटेम्पररी हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर, तेच हॉटेल ज्याच्या पोटातून मोनोरेल जाते, १९७१ पासून, डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हापासून. हॉटेलात असल्यामुळे पार्काचं तिकीट लागत नाही, आणि सगळा तिढा मला वाटतं इथे सुटला. ज्या दिवशी पार्कच नाही तो दिवस जेवणाचा. सकाळी उशिरा उठायचं, पूलमध्ये पडायचं, दुपारी चक्क झोपायचं, आंघोळ करून इस्त्रीचे कपडे घालून मोनोरेलने जायचं. पाय ताजे, तिकिटाचे पैसे वाया जातायत ही रुखरुख नाही, मुलांना बंदी नाही. आमच्यातली एक शाकाहारी आहे, तिचं बुकिंगमध्येच लिहून टाकलं. अशा ठिकाणी ठरलेला मेन्यू असतो, आयत्या वेळी टेबलावर बसून सांगण्यापेक्षा हे बरं.

आणि हो, वरून मॅजिक किंगडम पार्कातली आतषबाजी दिसते. तेवढ्या वेळापुरते आतले दिवे मंद करतात, शोचं संगीत लावतात, बाहेर गच्चीवर जाऊन बघता येतं. साहजिकच आतषबाजीच्या वेळेचं टेबल सगळ्या जगाला हवं असतं आणि ते आम्हाला मिळालं नाही, सव्वापाचचं मिळालं. सव्वापाचला कोण जेवतं म्हणून दाजींनी कुरकुर केली. पण लवकर जेवून गेलेल्यांनाही त्याच रात्री बिल दाखवून आतषबाजीला परत वर जाता येतं, त्यामुळे आमचं फारसं काही बिघडत नाही. शिवाय मुलांना सव्वापाचला कडकडून भूक लागलेलीच असते, साडेसातपर्यंत त्यांना चिप्सवर थोपवायचं आणि मग महागडी प्लेट समोर आल्यावर ती खात का नाहीत म्हणून ओरडायचं, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेलंच आहे. टेबल चुकवलं तर माणशी दहा डॉलर कापतात, तेवढा धाक वेळेवर पोचायला पुरेसा आहे.

राहता राहिला प्रश्न आतषबाजी बघेपर्यंत मोठ्यांना परत भूक लागण्याचा. चौथ्या मजल्यावर, मोनोरेल थांबते तिथेच, कॉन्टेम्पो कॅफेचं काउंटर आहे. दाजींनी त्याचा मेन्यू आत्ताच बघून ठेवलाय.