बारा पाय

गेल्या श्रावणातली गोष्ट. एफवायच्या मुलांना मी कॉलेजच्या आवारातले दगड, कुंड्या उचलून खाली काय सापडतं ते बघायला आणि त्याचं चित्र जर्नलमध्ये काढायला सांगितलं होतं. एका मुलीने कुंडीखालचा वुडलाऊस, ओलसर जागी राहणारा चौदा पायांचा छोटा जीव, काढला होता. राखाडी, चपटा, पाठीवर कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या पट्ट्या. शेजारी त्याचं पांढुरकं, तिळाहून बारीक पिल्लू, आणि त्याला पायांच्या सहाच जोड्या. मी लाल पेनाने गोल केला आणि लिहिलं, '१४ हवेत'.

पुढच्या प्रॅक्टिकलला ती ओल्या पाचोळ्याने भरलेली डबी घेऊन आली. "मॅडम, तीनदा मोजले. बाराच येतात. आणि ही बघा, हिच्या पोटाला काहीतरी आहे."

मी वॉच ग्लासमध्ये ती मादी उलटी करून मायक्रोस्कोपखाली ठेवली. पायांच्या दोन रांगांमध्ये फिकट पिवळा फुगवटा होता. पुढच्या पायांच्या मुळांपासून निघालेल्या पातळ पाकळ्या एकमेकींवर चढून त्यांची पिशवी झाली होती. तिच्या पारदर्शक भिंतीतून काळे ठिपके दिसत होते, जोडीजोडीने. डोळे होते ते.

कितीतरी वर्षं मी फळ्यावर 'मार्सुपियम', म्हणजे पिल्लं वाढवायची पिशवी, असं लिहीत आले आहे. भरलेली, हलणारी पिशवी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. घसा दाटून आला माझा.

मुलं भोवती जमली. कोकणातली मुलं, पोटाखाली अंड्यांचा गुच्छ धरलेली चिंबोरी त्यांना नवीन नाही. वुडलाऊस त्याच गटातला, कवचधारी. पण चिंबोरीची पिल्लं अंड्यातून निघाली की समुद्रात तरंगत जातात. जमिनीवर आलेल्या हिला समुद्र कुठला? म्हणून ती पिशवीत पाणी घेऊन फिरते. अंडी त्या द्रवात असतात, आणि आईच्या पोटाच्या भिंतीतून बोटांसारखे उंचवटे पिशवीत उतरून तो द्रव पुरवत राहतात. बाहेर पाचोळा थोडा सुकला तरी आत ओल टिकते. अंडी कुठेतरी घालून निघून जाणाऱ्या किड्यांशी हिची तुलना करूच नये, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

आम्ही बोलत असतानाच काचेतली मादी वाकली, ताठ झाली, पुन्हा वाकली. दोन पाकळ्यांच्या फटीतून एक पांढरं पिल्लू निसटून बाहेर आलं. मग दुसरं. वर्ग एकदम गप्प. मी डोळा लावून मोजलं. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा.

संध्याकाळी संदर्भ काढून वाचले. या अवस्थेला मँका म्हणतात. पिल्लू पिशवीतून निघतं ते सहा जोड्यांवरच. पहिल्या कातेनंतर पायांच्या भागाचा सातवा खंड दिसतो, दुसऱ्या कातेनंतर सातवी जोडी चालायला लागते. मला हे ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या जर्नलातला माझा शेरा खोडला, 'बरोबर' लिहिलं आणि सही केली.

तिने विचारलं, "आता आई त्यांना भरवणार का?" नाही, आपल्याकडच्या या जातीत पिल्लं बाहेर पडली की स्वतःची स्वतः. पण उत्तर आफ्रिकेच्या आणि इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटातला हेमिलेपिस्टस रेओमुरी हा तिचा भाऊबंद जोडीने बीळ राखतो, पिल्लांसाठी खाणं ओढून आणतो आणि घरचं कोण, परकं कोण हे अंगावरच्या रसायनांवरून ओळखतो. हे सांगताना तिने वही काढली होती.

डबी आम्ही लॅबच्या खिडकीत ठेवली, रोज पाण्याचा शिपका. पिल्लांचे पाय चौदा झाले. आईने कात टाकली, आधी मागची अर्धी, मग पुढची. पिशवीच्या पाकळ्याही तिच्याबरोबर गेल्या. त्यानंतर डबीतल्या मोठ्यांमध्ये ती नेमकी कुठली, हे आम्हाला दोघींनाही सांगता येईना.