दुधी धरला, थ्री-जीचं भूत उतरलं

दुधी धरला. अंगठ्याएवढा होऊन पिवळा पडणारा नव्हे, चांगला हातभर झालाय. अंगावर लव आहे, नख सहज रुततं. त्याच्या खालची दोन पिल्लंही फुगू लागलीत. मागच्या वेळी माझ्या वेलीची फळं धरायच्या आधीच गळतायत हे ऐकून ज्यांनी ‘वेल उपट आणि काकडी लाव’ असा सल्ला दिला होता, त्यांच्यासाठी ही बातमी मुद्दाम सगळ्यात वर.

आता सविस्तर, कारण हा घोळ बऱ्याच जणांच्या मांडवावर चालू आहे. मादी कळ्यांची माझ्या वेलीला कधीच वानवा नव्हती. थ्री-जी कटिंग (मादी फुलं वाढावीत म्हणून वेलीचे शेंडे दोनदा खुडणं) झाल्यापासून तर जिकडे बघावं तिकडे कळीमागे लवदार बोंड, म्हणजे होऊ घातलेलं फळ. फूल उमलायचं, मिटायचं, आणि मग ते बोंड पिवळं पडत, सुरकुतत गळून जायचं. पाणी नियमित, ऊन भरपूर, पिशवी (ग्रो बॅग, कुंडीऐवजी वापरतात ती) ५० लिटरची. पेंडीचं पाणीही बंद केलं, कारण नत्र वाढलं की वेल सगळा जोर पानांवर काढते. पानं जरा लहान झाली. गळ तशीच.

पहिला संशय अर्थातच फळमाशीवर. म्हणून गळलेली बोंडं उभी चिरून पाहिली, आणि औषधाची बाटली हातात घेण्याआधी हे प्रत्येकानं करावं असं माझं ठाम मत आहे. माशीनं डंख मारलेल्या फळावर बारीक छिद्र दिसतं, त्यातून डिंकासारखा थेंब येतो, फळ वाकडं होतं आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. पराग न मिळालेल्या फळात यातलं काही नसतं. आतून स्वच्छ, बियांच्या जागी नुसते ठिपके, आणि पिवळेपणा फुलाच्या टोकाकडून देठाकडे सरकत आलेला. माझी सगळी बोंडं या दुसऱ्या गटातली निघाली.

(फळमाशीच्या सापळ्याबद्दल एवढंच: क्यू-ल्यूरच्या, म्हणजे माश्यांना भुलवणाऱ्या वासाच्या गोळीवर येतात ते नर. डंख मारते मादी. बाटलीत माश्यांचा खच पडला म्हणून फळं वाचली असं होत नाही. घरच्या बागेत फळाला जाळीची पिशवी बांधणं याला पर्याय नाही.)

म्हणजे प्रश्न परागीभवनाचा. पण ते तर मी रोज हातानं करत होते, तेही योग्य वेळी. दुधीचं फूल दिवस कलल्यावर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत मान टाकतं, हे इथे कुणाला नव्यानं सांगायला नको. मग वहीत दोन रकाने पाडले. आज नर किती, मादी किती. आणि चित्र लख्ख झालं. ज्या संध्याकाळी मादी फुलं तीन-तीन, त्या संध्याकाळी नर एखादं, नाहीतर एकही नाही. नरांची गर्दी असायची तेव्हा मादी कळ्या अजून मिटलेल्या.

इथे थ्री-जीचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. मुख्य वेलीवर नर फुलं जास्त येतात. तिचा शेंडा खुडला की बगलफांद्या फुटतात, त्यांचेही शेंडे खुडले की तिसऱ्या पिढीच्या फांद्या येतात आणि त्यांच्यावर मादी फुलं वाढतात. इथवर सगळं बरोबर. व्हिडिओवाले इथेच थांबतात, कारण त्यांना कळ्यांचा फोटो काढायचा असतो, फळांचा नाही. शेतात शेकडो वेली असतात, कुठल्या ना कुठल्या वेलीवर त्या रात्री नर फूल असतंच. घरी वेल एक, फार तर दोन. सगळे शेंडे खुडून मादी फुलं वाढवली तर त्यांना पराग द्यायचे कुठून? शिवाय एका नर फुलात तीन मादी फुलांचं भागत नाही. जितक्या बिया भरायच्या तितके पराग लागतात, आणि दुधीत बिया शेकड्यांनी. पराग कमी पोचले तर फळ गळतं, किंवा एका टोकाला फुगून दुसरीकडे बारीक राहतं. ते बेढब दुधी आपण ‘कॅल्शियम कमी पडलं’ म्हणून खपवतो.

म्हणून आता नियम असा केलाय: मांडवाच्या डाव्या बाजूची एक फांदी छाटायची नाही, मोकाट सोडायची. ती नरांची फांदी. बाकीच्यांवर थ्री-जी करा हवं तर. त्या फांदीवर नर फुलं नियमित यायला लागली आणि एका मादी फुलाला दोन ताजी नर फुलं असं प्रमाण ठेवता आलं. नराच्या पाकळ्या सोलायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर (फुलाच्या मधोमध पराग घेणारा भाग) हलकेच फिरवायचा. कुक्षीचे तिन्ही भाग पिवळे दिसले पाहिजेत. ब्रश वापरू नका. दुधीचे पराग चिकट असतात, अर्धे केसांतच अडकून राहतात. परागीभवनाचा खास संच म्हणून जे विकतात तो म्हणजे मुलांच्या रंगपेटीतलाच ब्रश, फक्त डबा हिरवा.

राहिला पाऊस. भिजलेले पराग कामाचे राहत नाहीत, आणि आभाळ नेमकं संध्याकाळी फुटतं. यावरची युक्ती यशस्वी झाल्याचं सांगताना मला फार आनंद होतोय. त्या संध्याकाळी उमलणार असलेल्या नर कळ्या (टोकाला पांढऱ्या पडलेल्या, पाकळ्या सैल झालेल्या) दुपारीच लांब देठासकट काढायच्या आणि कपभर पाण्यात घरात ठेवायच्या. त्या आतच उमलतात, पराग कोरडे. मादी कळीवर जाड कागदाची टोपी उलटी अडकवायची. पावसाची सर गेली की टोपी काढून काम उरकायचं आणि टोपी परत घालायची. हा जो हातभर झालाय ना, तो असाच भर पावसाळी रात्रीचा.

लिहिता लिहिता सुचलं. मांडवाची पुढची मांडणीच बदलते. ठरलं होतं दुधी, कारलं आणि घोसाळं. पण कारल्याची आणि घोसाळ्याची फुलं सकाळची, त्यांचं मधमाश्या बघून घेतात. दोडका आणि पडवळ मात्र दुधीसारखे संध्याकाळचे. मी रोज दिवा घेऊन वर जाणारच आहे, तर रात्रपाळीवाले सगळे एका मांडवावर आणि सकाळवाले कठड्याकडे, झेंडूशेजारी. घोसाळ्याची रोपं तयार आहेत, ती तिकडे हलवीन. मांडवावर त्यांच्या जागी दोडका.

आणि अजून एक. रात्रीची फुलं पतंगांसाठी असतात. मग पतंगांनाच का बोलावू नये? गुलबक्षी दुपार उतरल्यावर उमलते आणि लांब सोंडेचे पतंग तिच्यावर येतात. मांडवाच्या पायथ्याशी दोन कुंड्या लावून बघणार आहे. गुलबक्षीच्या बिया आणि मुळं विषारी असतात, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर हा प्रयोग करू नका. शिवाय या पतंगांतल्या काहींच्या अळ्या टोमॅटोचा फडशा पाडतात. म्हणून टोमॅटो दुसऱ्या टोकाला, आणि पानं उलटून बघण्याची रोजची सवय चालू ठेवायची.

बाकीची बाग थोडक्यात. शेवंतीनं एकदाच्या कळ्या धरल्या. दिवस लहान व्हायला लागले तरी ती नुसतीच पानं काढत होती, कारण कुंडी जिन्याच्या दिव्याखाली होती. तिला रात्र लांब आणि सलग अंधाराची लागते, मध्ये उजेड पडला की तिचा हिशेब मोडतो. मागच्या कोपऱ्यात नेली आणि टोकं भरली. खत नाही, फवारा नाही, फक्त अंधार.

कोथिंबीर उन्हानं तुऱ्यावर गेली ती तशीच ठेवलीय. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर फुलमाश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. शेजारच्या मिरचीवरचा मावा निम्म्यावर आला, साबणपाणी न मारता. धणेही मिळतील. बेसिलचे तुरे मात्र निर्दयपणे खुडतेय, फुलावर गेलं की पानांची चव उतरते.

ग्रो बॅगबद्दल सगळे विचारतायत. उन्हात एका हंगामात शिवण उसवली. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण पिशवी घेताना जाडीआधी शिवणीचा दोरा ओढून बघा.

परत दुधीकडे. खालच्या दोन पिल्लांतलं एक बियाण्यासाठी राखणार आहे. वाण सरळ आहे, संकरित असता तर बियाणं धरण्यात अर्थ नव्हता. नर आणि मादी दोन्ही कळ्या उमलण्याआधी बांधून ठेवल्या होत्या, त्यामुळे बाहेरचा पराग आलेला नाही. हे महत्त्वाचं, कारण आसपासच्या कडू दुधीचा पराग आला तर पुढच्या पिढीत कडवटपणा उतरू शकतो आणि कडू दुधी खरोखर घातक असतो. घरचा असो की बाजारचा, शिजवण्याआधी कणभर तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या, रस तर मुळीच काढू नका.

आता बियाण्याचं फळ वेलीवर पार वाळेपर्यंत ठेवायचं म्हणजे वेलीची ताकद त्यातच जाणार. तोवर आणखी फळं धरू द्यायची की शेंडे तिथेच खुडायचे, यावर आपल्यात दोन तट आहेत हे माहीत आहे. मी खुडणार. नरांची फांदी सोडून.