कावळा झाडात की झाडावर?

आज संध्याकाळी लेकीच्या इंग्रजीच्या वहीत लाल फुली दिसली. कावळा झाडावर बसलाय, म्हणून तिने 'ऑन द ट्री' लिहिलं होतं. बाईंनी त्याचं 'इन' केलं.

"बाबा, कावळा काय ढोलीत राहतो का?"

प्रश्न रास्त होता. म्हटलं, त्याच्या चहूबाजूंनी फांद्या-पानं असतात ना, म्हणून इंग्रजांच्या लेखी तो झाडात. आंबा मात्र 'ऑन', कारण तो झाडालाच लागलेला.

इथवर निभावलं. पुढे आली बस. कारला 'इन' आणि बसला 'ऑन'! "म्हणजे टपावर बसायचं?" जिथे उभं राहून चार पावलं चालता येतं ती बस, ट्रेन, विमान, बोट सगळी 'ऑन', जिथे वाकून शिरायचं आणि गप बसायचं ती कार नि रिक्षा 'इन'. (सायकललाही 'ऑन'च लागतं, हे मी तिला मुद्दाम सांगितलं नाही.)

आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "आपल्याकडे तरी काय वेगळं? दारी पाहुणा, दारात चपला, दारावर तोरण. पोरं शाळेत असतात आणि मास्तर शाळेवर."

"कौलांवर?" लेक हसून लोळली.

घरी म्हणजे 'ॲट होम' आणि घरात म्हणजे 'इन द हाऊस', एवढं तरी जुळलं म्हणून मी खूश होतो. तेवढ्यात बायकोचा फोन. कुठे पोचलीस, विचारलं.

"स्टेशनवर."

लेक मागून ओरडली, "आई, आधी खाली उतर!"